मापाची खोली

दोघं भाऊ एकाच दिवशी आले, तेव्हाच तानुबाईनं ओळखलं, आज काही वेगळं आहे.

एरवी पाडव्याच्या आधी खुशालराव एकटाच यायचा. नांदगाव खंडेश्वरहून पहाटेची दमणी जुंपायची, ऊन चढायच्या आत राजापेठेत सोडायची, बहिणीच्या हातचा चहा प्यायचा, वर्षाचं साचलेलं भाडं कनवटीला लावायचं आणि बैलांना पाणी दाखवून माघारी फिरायचं, असा त्याचा शिरस्ता. आज दमणीतून त्याच्यामागं माणिकबाई उतरली, डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन. आणि घटकाभरात बडनेऱ्याकडून गोवर्धन आला, अकोल्याचा, सगळ्यात धाकटा. अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, काखेत गुंडाळीचा नकाशा. तो नकाशा पाहिला आणि तानुबाईच्या हातातली सुई मोगऱ्याऐवजी बोटात गेली.

नकाशा आला म्हणजे कुठंतरी खोल्या घ्यायच्या ठरल्या. आणि खोल्या घ्यायच्या म्हणजे आधी मापाच्या खोलीची पूजा.

हा आबांचा रिवाज. आबा, म्हणजे या तिघांचे वडील रामराव, जन्मभर मळ्यात वांगी-मिरची पिकवून तोलून विकत आले, म्हणून तोलल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. त्याच मळ्यातल्या फुलांच्या पैशावर त्यांनी राजापेठेत हे घर उभं केलं. सगळ्या भाड्यानं द्यायच्या, दोन खोल्या मातीच्या, आणि तिसरी पक्क्या विटांची, वर टीन. दहा हात लांब, आठ हात रुंद, पूर्वेला दार, मागं मोरी, तीस पावलांवर विहीर. तिला भाडं आलं तीन रुपये. त्या दिवशी आबा म्हणाले होते की ही खोली म्हणजे आपली पायली. पुढं कुणी कुठलंही घर दाखवलं की आबा ते मनातल्या मनात या खोलीशेजारी आणून ठेवायचे. विहीर लांब असली तर चार आणे कमी धरायचे, दार पश्चिमेला असलं तर दोन आणे. असं करून त्या घराचं खरं भाडं काढायचं. मग त्या भाड्याचे शंभर महिने मोजायचे आणि त्याच्यावर एक पैसा किंमत द्यायची नाही. घेतल्यावर वर्षातून एखादा महिना खोली रिकामी गेली तर हरकत नाही. ओळीनं तिसरा महिना रिकामा गेला की घर विकून टाकायचं, मग ते बांधणाऱ्याचं का असेना. आबा जाऊन नऊ वर्षं झाली. मापं राहिली. पेरणीआधी तिफणीला जशी हळद लावतात, तशी खरेदीआधी तिसऱ्या खोलीच्या उंबरठ्याला लागायची.

आणि त्या खोलीत साडेसहा वर्षांपासून कुणीही राहत नव्हतं.

आधी राहायचा तो जंगलखात्यातला कारकून, वामनराव. नेमणूक धारणीला, मेळघाटात. महिन्यातून दोन रात्री अमरावतीला यायचा, तेवढ्यासाठी खोली धरून ठेवली होती. बाकी अठ्ठावीस दिवस दाराला कुलूप. एका दिवाळीत त्याची चांद्याकडे बदली झाली. जाताना तानुबाईच्या हातात किल्ली दिली, कुलूपही ठेवून गेला. म्हणाला, जुनं झालं, कुठं वाहू. पहिला महिना रिकामा गेला. दुसराही गेला. कापूस उतरणीला लागला होता, अडते माणसं कमी करत होते. खोली पाहायला लोक यायचे आणि दोन रुपये बोलायचे. तिसरा महिना उगवला त्या सकाळी तानुबाई अंबादेवीच्या वाटेवर हार विकायला बसली आणि गिऱ्हाईकाला सुट्टे देता देता तिला कळलं, की आता घर विकलं जाणार.

आबा नव्हते. खुशालदादा आधीपासूनच हे घर विकून अकोल्यात घ्यायच्या बाजूनं बोलत होता. घर गेलं तर तिनं जायचं कुठं, हे कुणाला विचारायची गरज नव्हती. बाविसाव्या वर्षी कुंकू पुसून ती नांदगावला आली होती, आणि एक वर्ष भावजयीच्या चुलीपुढं बसली होती. ते वर्ष तिच्या पाठीच्या मणक्यात अजून होतं. भाकरीचा पापुद्रा मोडताना होणारा आवाजही तेव्हा तिला मोठा वाटायचा. आबांनी तिला तिथून उचलून इथं आणलं, ओसरीमागच्या पडवीत चूल मांडून दिली. म्हणाले, घर राखायला माणूस पाहिजे, तू राख. दान दिलं नाही, काम दिलं. म्हणून ती ताठ राहिली. दळताना ती ओवी म्हणायची,

भावाचं वावर बाई, बहिणीला नजरेपुरतं
खणाच्या घडीमंदी माहेर मावतं गं पुरतं

त्या तिसऱ्या महिन्याचे तीन रुपये तिनं हाराच्या पैशातून घातले. मग चौथ्याचे घातले. आणि वामनराव जगत राहिला.

त्याला तिनं चांगलं जगवलं. दर पाडव्याला खुशालराव विचारायचा, भाडेकरू बरा आहे ना, आणि तानुबाई काहीतरी सांगायची. एका वर्षी त्याला हिवताप झाला, मेळघाटचं पाणीच तसं. एका वर्षी त्याची मोठी लेक दर्यापुराकडे दिली. पुढच्या पाडव्याला लेकीला मुलगा झाला. असं सांगता सांगता कधीकधी तिलाच त्याची काळजी वाटायची.

माणिकबाई पाटी उतरवून थेट चुलीपाशी आली. काकडी चिरायला घेतली, ती कुणी सांगितल्याशिवाय. अठरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

“तानुबाई, तुमच्यासंग मी कधी गोड बोलली नाई. आज बोलून राहिली तं तुमाले वाटन, काम हाय म्हनून.”

“हाय ना काम?”

“हाय.” माणिकबाईनं विळीवरून मान वर केली नाही. “मळा विकून राहिले. धाकट्यानं डोक्यात घातलं, तुमच्या दादानं मान हालवली. अकोल्याले बारा खोल्या घेतात म्हने. मले कोनी विचारलं नाई. बैलाले तरी पाठीवर हात फिरवून विचारतात.”

मळा म्हणजे चार एकर काळी, विहिरीची. तिथल्या वाफ्यांवर माणिकबाईची अर्धी कंबर गेली होती. आणि तानुबाईच्या सुईत जे मोगरे ओवले जात होते, ते त्याच विहिरीच्या पाण्यावर उमलून दर दिवसाआड गाडीवानाच्या हाती ओल्या फडक्यात यायचे. माणिकबाई ते कधी कमी पाठवायची नाही, एवढं मात्र खरं. बोलणं कडू, पण फूल पुरं.

“तुमचं ते ऐकतात,” माणिकबाई म्हणाली. “एक शब्द टाका. मी तुमचं लय वाईट केलं, मले मालूम हाय. पण मळ्यानं तं काई केलं नाई ना तुमचं.”

या बाईनं कधीतरी आपल्यापुढं पदर पसरावा, असं तानुबाईनं तरुणपणी पुष्कळदा मनात आणलं होतं. आता ते समोर घडत होतं आणि त्यात काही गोडी नव्हती. तिनं फक्त विचारलं, बारा खोल्यांना किती मागतात. माणिकबाईला आकडा पाठ होता. छत्तीसशे. म्हणजे खोलीला तीनशे. म्हणजे शंभर महिन्यांनी भागलं तर तीन रुपये भाडं. बरोबर आबांच्या मापात. बरोबर या भिंतीपलीकडच्या खोलीच्या मापात, जिथं कुणी नव्हतं.

जेवणं झाली. ओसरीवर गोवर्धननं नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर काकड्या ठेवल्या. जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, मागची जागा, नळ दारात येणार असं बोलतात, स्टेशन दहा मिनिटांवर. मालक अडचणीत आहे म्हणून छत्तीसशेत देतो, तीन वर्षांपूर्वी त्यानंच पाच हजारांना नाही म्हटलं होतं. गोवर्धन बोलायला लागला की समोरच्याला आपण मूर्ख आहोत असं वाटायला लागायचं. मॅट्रिकपर्यंत शिकला होता आणि ते त्यानं कधी वाया जाऊ दिलं नाही. खुशालराव पानाला चुना लावत ऐकत होता. मध्येच त्यानं विचारलं, की पाच वर्षांपूर्वी याच मापावर घेतलेल्या तुझ्या अकोल्याच्या आठ खोल्यांचं कसं चाललंय. गोवर्धन म्हणाला, लोक येतात, जातात, शहराचं तसंच असतं.

“मंदी हाय ना पण,” खुशालराव म्हणाला.

“मंदी मंदी लोक म्हनतात, दादा. कापूस पडला, गहू पडला, सरकी पडली. आबाची खोली तिनावरून हालली का? इतकी वर्सं एकच मानूस, एकच भाडं. मंग? पक्की खोली पडत नाई. हे मी नाई म्हनत, हे आबाची खोली म्हनून राहिली.”

खुशालरावानं बहिणीकडे पाहिलं. “वामनरावजी बरे हायेत ना व, ताने?”

आणि तानुबाईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, “बरे हायेत. पायाच्या घोट्याले सूज होती, आता उतरली.”

“मले एकदा भेटाचंच हाय त्यायले,” गोवर्धन म्हणाला. “असा भाडेकरू शोधून भेटत नाई.”

माणिकबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती तानुबाईकडे पाहत होती, आता बोलेल, मग बोलेल म्हणून. तानुबाई हार ओवत राहिली. तिच्या मनात दोन पारडी खालीवर होत होती. गप्प बसलं तर हे घर राहतं, ही चूल राहते, पहाटे आपल्या मर्जीनं लावलेला दिवा राहतो. मळा जातो. आणि अकोल्याच्या वीस खोल्या या एका खोट्या खोलीवर उभ्या राहतात. त्या कोसळायला दोन वर्षं लागतील की चार, एवढाच प्रश्न. बोललं तर माप खरं होतं. आणि खऱ्या मापानं पहिलं विकलं जाणारं घर हेच.

ती गप्प बसली असती. हे तिनं पुढं स्वतःपाशी कबूल केलं, की आपण गप्पच बसणार होतो. पाच वर्षांपूर्वी बसलोच होतो.

पण खुशालराव विहिरीवर जाऊन आंघोळ करून आला. ओल्या अंगानं, खांद्यावर पंचा. हातात हळद-कुंकवाची वाटी. तिसऱ्या खोलीपुढं तो गुडघे टेकून बसला, उंबरठ्याला हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं. त्याच्या डोक्यावरचे केस विरळ झाले होते आणि मानेवर उन्हानं काळ्या सुरकुत्या पडल्या होत्या, आबांच्या मानेवर होत्या तशा. तो माथा टेकवायला वाकला. आबांच्या नावानं, आबांच्या खोलीला, तिनं साडेसहा वर्षं झाडून ठेवलेल्या लबाडीला.

“दादा, माथा टेकू नको.”

“काहून?”

“खोली रिकामी हाय.”

तिनं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. आत काहीच नव्हतं. खुंटीवर साधी दोरीही नव्हती. टिनाच्या फटीतून उन्हाची एक रेघ सारवलेल्या जमिनीवर पडली होती. सारवण ताजं होतं. फुलांच्या टोपल्या ठेवायला तिला ओसरी अपुरी पडायची, पावसाळ्यात सरपण भिजायचं, तरी या खोलीत तिनं कधी काडी ठेवली नव्हती. भाड्यानं दिलेली खोली ती. आपली नाही.

गोवर्धन आत जाऊन भिंतींकडे पाहत उभा राहिला, वामनराव एखाद्या कोपऱ्यात सापडेल तसा. मग सगळं एकेक करून निघालं. बदली कधी झाली, किल्ली कधी दिली, हिवताप कुणाला झाला आणि कुणाला नाही झाला. तानुबाईनं काही लपवलं नाही. लपवून लपवून तिचा जीव आंबला होता, बाहेर काढताना उलट हलकं वाटत होतं.

“मंग पैसे कोनाचे?” खुशालरावानं विचारलं.

“फुलायचे.”

“दोन रुपयाले कोनी घेत नोतं का?”

“घेत होते ना. एक शिंपी आला होता, एक मास्तर आला होता. पण मंग दोन झाले असते, दादा. तीन नसते राहिले. आबाचं माप उतरलं असतं.”

“म्हंजे मी आठ खोल्या कशाच्या भरवशावर घेतल्या?” गोवर्धनचा आवाज बसका होता. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. “तुह्या हारायच्या? बाई, खोलीले तीनशे मोजले मी, ह्या खोलीकडे पाहून. तू इथंच बसली होती. मले पेढा देल्ला होता हातावर.”

दिला होता. ते खरं होतं. तेव्हा तिला वाटलं होतं, अकोला मोठं गाव, तिथं आबांचं माप कसं चुकेल. आणि हेही वाटलं होतं, की आता बोललं तर आपण संपलो. यातलं कोणतं आधी वाटलं, ते तिला आज सांगता आलं नाही.

“तुह्या आठातल्या किती भरल्या हायेत?” खुशालरावानं धाकट्याला विचारलं, हळूच. “खरं सांग आता. घरात आज खरं बोलाचा दिवस दिसते.”

तीन भरल्या होत्या. पाच रिकाम्या, त्याही दोन वर्षांपासून. जिन हंगामात दोन महिने चालतो आणि बंद पडतो. आठ खोल्यांच्या किमतीतला साडेतीनशेचा शेवटचा हप्ता पाडव्याला द्यायचा राहिला होता, तो बारा खोल्यांच्या व्यवहारात मुरवायचा गोवर्धनचा बेत होता. एका भावाचं झाकलेलं निघालं तेव्हा बहिणीचं जरा कमी दिसेल असं तानुबाईला वाटलं होतं. तसं झालं नाही. गोवर्धननं झाकलं ते शहराचं गणित होतं, सगळ्यांचंच चुकतं तसं चुकलेलं. तिनं झाकलं ती लबाडी होती.

“मंग झालं तं,” माणिकबाई म्हणाली. इतका वेळ ती चौकटीतून हलली नव्हती. “मळ्याले कोनी हात लावाचा नाई आता. हप्ता द्याचा हाय तं हे घर विका. आबाचाच नियम हाय, तीन महिने रिकामी गेली की विकाचं.” मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती तानुबाईकडे न पाहता म्हणाली, “तुमी चला ना नांदगावले. कोन नाई म्हनते. चुलीपाशी जागा हाय.”

चुलीपाशी. तानुबाईनं भावजयीकडे पाहिलं. ती बाई दुष्ट नव्हती. तिला तिचा मळा मिळाला होता, आणि मिळालेल्या माणसाला दुसऱ्याचं गेलेलं दिसत नाही, एवढंच.

खुशालराव ओसरीच्या कडेवर बसून बोटांच्या पेरांवर मोजत होता. मोजून झाल्यावर म्हणाला, “सव्वादोनशे रुपये होतात. तुनं घातलेले.”

“हाव.”

“मातीच्या दोन खोल्या दीड-दीड रुपयाच्या. ह्याच भाड्यानं पाह्यलं तं आबाच्या मापानं सगळं घर तीनशेचं.” तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलेलं तानुबाईला दिसलं. तीनशेच्या घरात सव्वादोनशे तिचे. ते वाक्य त्यानं म्हटलं असतं तर ती त्याच्याकडून पुढं कधी काहीच मागणार नव्हती.

“ते भाड्यात आले, दादा,” गोवर्धन म्हणाला. “भाडं घराचं असते.”

खुशालरावानं वाक्य गिळलं. पंचानं तोंड पुसलं आणि उठून समोरच्या ओमप्रकाशला बोलवायला तो स्वतःच गेला.

ओमप्रकाश तुपाचा व्यापारी. राजस्थानकडून आलेल्या बापाचा इथंच जन्मलेला मुलगा, बोलण्यात दोन्ही भाषांची खिचडी. या घरावर त्याची जुनी नजर होती आणि ती त्यानं कधी लपवली नव्हती. जोडे बाहेर काढून तो आला, तानुबाईला रामराम केला, भिंतीवर बोटांनी टकटक करून पाहिलं. त्याचंही एक माप होतं. त्यात हळद-कुंकू नव्हतं.

“खुशालरावजी, चांगल्या दिवसात तुमी शंभर महिने मोजत होते, मी अस्सी मोजत होतो. आता मंदी आहे, मी साठ मोजतो. जे भाडं हातात येते त्याचे साठ. मिट्टीच्या दोन खोल्या, तीन रुपये. त्याचे झाले एकशे ऐंशी.” त्यानं तिसऱ्या खोलीकडे मान केली. “ये तो खाली है. कितने बरस से खाली है. रिकाम्या खोलीचे पैसे मी देत नाही.”

म्हणजे गल्लीला माहीत होतं. शिंप्याला माहीत होतं, मातीच्या खोलीतल्या टांगेवाल्याला माहीत होतं, तुपाच्या दुकानात माहीत होतं. या खोलीला माथा टेकवणाऱ्यांना तेवढं माहीत नव्हतं, कारण त्यांनी माप पुजलं आणि दार कधी उघडून पाहिलं नाही.

एकशे ऐंशीनं हप्ता भागत नव्हता. गोवर्धनच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. तो मळ्याकडे वळणार, हे माणिकबाईलाही दिसलं आणि तिनं चौकट घट्ट धरली. पुन्हा सगळं फिरून तिथंच आलं होतं.

“ते रिकामी नाई,” तानुबाई म्हणाली. “मी घेऊन राहिली.”

ओमप्रकाशला कळलं नाही.

“घर तुमी घ्या. तिसरी खोली मी भाड्यानं घेते तुमच्यापासून. तीन रुपये महिना.”

“बाई, तीन?” तो खरंच गोंधळला. माणूस व्यापारी होता, पण तिच्या हातचे हार त्याच्या देव्हाऱ्यात रोज जायचे. “आज बाजार दोनचा आहे. तुमाले माहीत आहे. दोन द्या, मला चालते.”

दोन म्हटलं असतं तर घराचे तीनशे आले असते. हप्ता साडेतीनशेचा. तानुबाईनं एकदा दोघा भावांकडे पाहिलं. तिला वाटलं, कुणीतरी म्हणेल. म्हणेल की बाई, दोनच दे, वरचे पन्नास आम्ही कुठूनही पाहू. गोवर्धन नकाशाची गुंडाळी करत होता, अगदी काळजीपूर्वक, कडा जुळवून. मघाशी ज्या तीन रुपयांनी बुडवलं म्हणून तो बोलला होता, तेच तीन रुपये आता त्याला हवे होते. खुशालराव बैलांकडे पाहत होता. बैल निवांत रवंथ करत होते, त्यांच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

“तीन,” तानुबाई म्हणाली.

“मग सहा झाले. सहाचे साठ म्हणजे तीनशे साठ.” ओमप्रकाशनं दोन्ही भावांकडे वेळ देऊन पाहिलं. मग त्यानं खिशातून दौत-कागद काढले. घराची इसारपावती आधी झाली. गोवर्धननं मोठ्या वळणदार अक्षरांत सही केली, खुशालरावानं आंगठ्याला शाई लावली. मग भाडेचिठ्ठीचा कागद निघाला. एकटी बाई भाडेकरू म्हणजे जामीन लागतो, ओमप्रकाश ओशाळून म्हणाला, रीत आहे, दुसरं काही नाही.

“मी राहतो जामीन,” खुशालराव घाईनं म्हणाला.

“नको, दादा. जामिनाच्या बदली मी तीन महिने आगाऊ देते.” ती आत गेली, फुलांच्या टोपलीखालची पुरचुंडी आणून सोडली आणि नऊ रुपये ओमप्रकाशपुढं ठेवले. बहुतेक चिल्लर होती. त्यातून मोगऱ्याचा वास येत होता.

ओमप्रकाशनं ती मोजली नाही, तशीच रुमालात बांधली. लेखणी शाईत बुडवली.

“नाव काय लिहू? तानुबाई, आणि पुढं? नवऱ्याचं लिहू, वडिलांचं लिहू, की भावाचं?”

माणिकबाई तोंडाला पदर लावून खाली बघत होती. दोघं भाऊ हातभर अंतरावर बसले होते. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून तानुबाईनं त्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“कोनाचं नका लिहू. नुसतं तानुबाई लिहा,” ती म्हणाली. “अन् लिहा, की भाडं दर महिन्याच्या एक तारखेले भेटन. खोलीत मानूस राहते, हेबी लिहा.”